‘डाउन’ गाडी घाट चढते कशी?

घाटवाट:
शिवाजीनगर स्थानकावर लोकलची वाट पाहताना मुलीने विचारलेला प्रश्न येथे मांडतो. मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी रेल्वेच्या भाषेत ‘डाउन’ आणि मुंबईकडे जाणारी ‘अप’. प्रत्यक्षात पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर असल्याने डाउन गाडीलाच कर्जतला मागे बँकर इंजिने जोडून घाट चढावा लागतो. ‘डाउन’ म्हणजे खाली, हे आम्ही चुकीचे शिकलो काय?

शब्दवेडा:
चुकीचे नव्हे, परंतु अर्धेच. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी आणि ‘ऑफ डूने’ म्हणजे टेकडीवरून. बोलता बोलता त्याचे ‘अडूने’ झाले, पुढे आरंभीचा ‘अ’ही गळला आणि ज्या शब्दात आता नुसती टेकडीच उरली होती, त्याचाच अर्थ ‘खाली’ असा रूढ झाला. दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या टेकड्यांना आजही ‘डाउन्स’ म्हणतात. ‘साउथ डाउन्स’ हा सखल प्रदेश असावा, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. पिसांच्या मऊ लवेला ‘डाउन’ म्हणतात, तो मात्र नॉर्स भाषेतून आलेला निराळाच शब्द आहे.

जुना पासधारक:
रेल्वेत प्रश्न उंचीचा नसून मानाचा आहे. इंग्लंडमध्ये लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’. तोच प्रघात इकडे आला आणि मध्य रेल्वेवर लंडनचा मान मुंबईला मिळाला. भोर घाटातील मार्ग 1863 मध्ये सुरू झाला, तेथे 37 फुटांना एक फूट अशी खडी चढण आहे, तरी नावात बदल झाला नाही. डेक्कन क्वीनचेच पाहा: पुण्याकडे येताना 12123 डाउन, मुंबईकडे जाताना 12124 अप.

कसबेकर:
इंग्रजीला हसण्यापूर्वी आपले ‘उतरणे’ तपासावे. संस्कृतात ‘उत्’ म्हणजे वर. ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर येतो, पार होतो. त्याच धातूच्या ‘उतरणे’ने आपल्याकडे ताप खाली येतो, भाव खाली येतात आणि घाट चढून आलेला प्रवासीही पुणे स्थानकावर उतरतोच.

घाटवाट:
सर्वांचे आभार. मुलीला हे वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आजोळी जाताना आपण ताम्हिणीतून कोकणात उतरतो, ते खरे डाउन.”