गोरिलाचा पोशाख, पुठ्ठ्याची थडगी आणि आमच्या वाचनालयातला हशा

बोडीकाठी (तालुका साकोली)

सर्व सभासदांना नमस्कार. मी शिक्षक आहे आणि गावच्या वाचनालयाचे कामही पाहतो. वाचनालयाला देणगीतून प्रोजेक्टर मिळाल्यापासून धानाची कापणी-मळणी आटोपली की आम्ही सभागृहाच्या भिंतीवर अधूनमधून चित्रपट दाखवतो. या वेळी मी १९५३ सालचा 'रोबॉट मॉन्स्टर' हा अमेरिकी विज्ञानपट निवडला. पृथ्वीवरची जवळजवळ सगळी माणसे संपवून उरलेल्या मूठभरांच्या मागे लागलेला 'रोमॅन' नावाचा परग्रहवासी हा त्यातला खलनायक आहे. यंत्रमानवाचा पोशाख करवून घेण्याइतका पैसा दिग्दर्शक फिल टकर यांच्याजवळ नव्हता. जॉर्ज बॅरोज या नटाकडे मात्र गोरिलाचा स्वतःचा पोशाख होता. तेव्हा त्यांनाच बोलावून त्या पोशाखावर पाणबुड्याचे असते तसे शिरस्त्राण चढवण्यात आले आणि परग्रहवासी तयार झाला. सगळे चित्रीकरण चार दिवसांत, सुमारे १६ हजार डॉलरांत उरकले. रोमॅनच्या गुहेतल्या यंत्रातून साबणाचे फुगे सतत निघत असतात, आणि श्रेयनामावलीत फुग्यांच्या त्या यंत्राला मानाने जागा दिलेली आहे.

रोमॅन भिंतीवर अवतरताच पुढच्या सतरंजीवरून एक मुलगा म्हणाला, "हा त अस्वल होय जी!" नागझिऱ्याच्या शेजारी राहणाऱ्या मुलांचे अस्वलाबाबतचे मत डावलता येत नाही, त्यामुळे जो हशा सुरू झाला तो थांबलाच नाही. माझ्या लक्षात राहिले ते असे की, सर्वांत मोठा हशा पोशाखावर झाला नाही. उत्तरार्धात रोमॅनला एका तरुणीविषयी ओढ वाटू लागते, वरिष्ठांकडून तर तिला मारण्याचा हुकूम आलेला असतो, आणि मग तो एकटाच उन्हात उभा राहून 'केलेच पाहिजे' आणि 'करवत नाही' या दोन गोष्टी आलेखावर नेमक्या कोणत्या बिंदूत मिळतात, असा प्रश्न स्वतःला विचारतो. मी त्याचे मराठीत निवेदन करत होतो आणि मला ते वाक्य पूर्ण करता आले नाही. पार्श्वसंगीत एल्मर बर्नस्टीन यांचे आहे, ज्यांनी पुढे 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ला संगीत दिले, आणि तेही येथे पूर्ण गांभीर्याने वाजत असते.

माझा प्रश्न असा की, हसवण्यासाठीच केलेल्या चित्रपटांना आमच्याकडे एवढी दाद मिळत नाही, मग हसवण्याची यत्किंचितही इच्छा नसलेल्या या चित्रपटांना ती का मिळते? आमच्या अध्यक्षांना हा प्रकार रुचला नाही. 'दुसऱ्याच्या फजितीवर हसायला मुलांना शिकवता काय,' असे त्यांनी विचारले, आणि त्यांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त पुन्हा असाच कार्यक्रम ठेवावा की नाही, आणि ठेवल्यास काय दाखवावे, हे जाणकारांनी सांगावे.

पडदेवाला (वडसा)

गुरुजी, मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे नेपथ्य करतो, तेव्हा हलणाऱ्या भिंतींविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार मला असावा. आमचे नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. राजवाडा कापडावर रंगवलेला असतो, वारा सुटला की तो खांबांसकट फुगतो, आणि तरीही शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, आलेले प्रेक्षक त्याला हसत नाहीत, कारण पडदा हा पडदाच आहे हे मंडपात शिरतानाच त्यांनी मान्य केलेले असते. कॅमेऱ्याचा मात्र आव असतो की, हे घडले तेव्हा आपण जातीने हजर होतो. असा आव आणल्यावर थडग्याचा दगड डुलला तर लोक हसणारच.

थडग्याचे उदाहरण मी एड वुड यांच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'मधून घेतले आहे. त्यात माणूस जवळून पळाला तरी थडगी हलतात, विमानाच्या कॉकपिटला दाराऐवजी साधा पडदा टांगलेला आहे, उडत्या तबकड्या दोऱ्यांवर हेलकावे घेतात, आणि एकाच प्रसंगात कधी लख्ख ऊन तर कधी मध्यरात्र असते. बेला लुगोसी हे त्यातले मोठे नाव, पण ते ऑगस्ट १९५६ मध्येच वारले होते आणि वुड यांच्याकडे त्यांची काही मिनिटांचीच चित्रफीत शिल्लक होती. उरलेल्या प्रसंगांत वुड यांनी आपल्या पत्नीवर मणक्याचे उपचार करणाऱ्या गृहस्थांना उभे केले. ते लुगोसींपेक्षा चांगलेच उंच होते आणि चेहराही मुळीच जुळत नव्हता, म्हणून संपूर्ण चित्रपटभर ते तोंडावर झगा धरून वावरतात. आमच्याकडे नट आजारी पडला तर ध्वनिक्षेपकावरून तसे जाहीर करून दुसऱ्याला उभे करतात आणि पाच मिनिटांत लोक ते विसरतात. झाकायला जावे तर तेच डोळ्यांत भरते.

सगळा दोष गरिबीच्या माथी मारणेही मला पटत नाही. आपल्या बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ सालच्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणसाच्या हातून वस्तू हलवल्या, त्या काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने, आणि त्यापायी त्यांना 'काला धागा' हे टोपणनाव मिळाले. दोरा तिथेही होता आणि इथेही होता. मागे काय रंग आहे आणि प्रकाश कोणत्या बाजूने पडतो याकडे लक्ष द्यायला पैसा कमी, चिकाटी जास्त लागते. दोरा दिसला म्हणून तोच तुकडा पुन्हा चित्रित करण्याची तयारीही लागते, आणि वुड यांच्यापाशी तीच नव्हती.

अध्यक्षांना एवढेच सांगा की, १९८० साली एका पुस्तकाने ज्यांना सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवले, त्याच वुड यांच्यावर १९९४ मध्ये मोठ्या प्रेमाने चित्रपट काढला गेला आणि त्यातल्या लुगोसीच्या भूमिकेसाठी मार्टिन लँडाऊ यांना ऑस्कर मिळाले. असा शेवट प्रत्येक फजितीच्या नशिबी येत नाही.

भेगाळ माती (वरोरा)

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वरील सदस्यांनी चिकाटीचा मुद्दा मांडला तो योग्य आहे, परंतु काही चुका अशा आहेत की त्या टाळायला खरोखरच पैसा लागतो, आणि विज्ञान दिनाला त्याच समजावून देण्याजोग्या आहेत.

खेळण्यातली इमारत पडद्यावर खेळण्यातलीच का वाटते, हा प्रश्न मुलांना विचारावा. खरी इमारत उंच असल्यामुळे तिचा माथा जमिनीवर यायला वेळ लागतो, प्रतिकृती मात्र क्षणात खाली येते. पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे प्रतिकृती खऱ्या इमारतीच्या सोळाव्या हिश्श्याएवढी असेल तर ती चौपट लवकर कोसळते, आणि हे लपवायचे असल्यास सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी टिपून त्या नेहमीच्या वेगाने दाखवाव्या लागतात. याचाच अर्थ चौपट फिल्म आणि अधिक झगझगीत दिवे. फिल्म मोजून वापरणाऱ्याला हे परवडत नाही, म्हणून त्याची शहरे पत्त्यांच्या बंगल्याच्या घाईने पडतात. १९५४ सालच्या जपानी 'गॉडझिला'मध्येही अवाढव्य प्राण्याच्या पोशाखाच्या आत माणूसच आहे, पण विशेष दृश्ये करणाऱ्या एइजी त्सुबुराया यांनी चित्रीकरणाचा वेग वाढवून त्याच्या पावलांना वजन दिले, त्यामुळे तिथे हसू आले तरी लगेच विरते. अग्निबाणाचा धूर हा दुसरा पुरावा आहे. हवाच नसलेल्या अंतराळात जो धूर मागे सरळ जायला हवा, तो वळसे घेत वर चढतो, कारण स्टुडिओत हवाही असते आणि छतही असते.

चंद्राविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. १९५० सालचा 'डेस्टिनेशन मून' हा काही गचाळ चित्रपट नव्हे. त्याला विशेष दृश्यांसाठी ऑस्कर मिळाले आणि चंद्राची पार्श्वभूमी चेस्ली बोनस्टेल या अवकाशचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या चित्रकाराने रंगवली होती. तरीही त्यातल्या चंद्राच्या जमिनीवर भल्यामोठ्या भेगा आहेत. लहानशा सेटला खोली आल्याचा भास व्हावा म्हणून जवळच्या भेगा रुंद आणि लांबच्या अरुंद ठेवल्या गेल्या, लांबच्या जागी तर ठेंगण्या व्यक्तींना छोटे अंतराळपोशाख घालून उभे केले गेले, आणि बोनस्टेल यांना या भेगा अजिबात मान्य नव्हत्या. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ते दृश्य पाहून ताबडतोब विचारले की, चंद्रावर पाऊस पडत होता का. एप्रिलमध्ये काळ्या रानात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पाहत वाढलेल्या मुलीला, माती आधी भिजल्यावाचून अशी तडकत नाही, हे कोणी शिकवावे लागत नाही. चित्रकाराचा आक्षेप आणि तिचा आक्षेप एकच होता. अशा वेळी ती हसते तेव्हा ती कोणाची फजिती करत नाही, तिला चूक सापडलेली असते. अध्यक्षांना हा प्रसंग अवश्य सांगावा.

रिळांची पेटी (दर्यापूर)

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. तरुणपणी मी फिरत्या टॉकीजसोबत जत्रा-यात्रांतून फिरलो आहे, आणि तंबूत लोक या चित्रपटांना हसत नसत. १९६७ साली आलेल्या 'चाँद पर चढाई'मध्ये दारासिंग चंद्रावर जातात आणि तिथल्या योद्ध्यांशी व राक्षसांशी लढतात. माणूस चंद्रावर उतरायला तेव्हा अजून दोन वर्षे बाकी होती. दारासिंग चंद्रावर गेले तर ते तिथे कुस्तीच करतील, यात आमच्या प्रेक्षकांना काहीही खटकण्यासारखे नव्हते. उलट ते न लढता परतले असते तर पैसे परत मागितले गेले असते. त्याआधी १९६३ मध्ये तामिळमध्ये 'कलै अरसी' आला होता, ज्यात परग्रहवासी पृथ्वीवर येतात ते इथल्या एका गायिकेला पळवून न्यायला, कारण त्यांच्या ग्रहावर संगीताची वानवा असते. आज वाचताना हसू येते खरे, परंतु सारे विश्व जिंकायला निघालेल्या रोमॅनपेक्षा गाणे शिकायला आलेला परग्रहवासी मला अधिक समंजस वाटतो.

तेव्हा ज्याला आपण अनाहूत विनोद म्हणतो, त्यातला बराचसा नंतरच्या काळाने आणलेला आहे. एक अपवाद मात्र पहिल्या दिवसापासून हास्यास्पद होता, तो म्हणजे १९५७ चा 'द जायंट क्लॉ'. त्यातला अवाढव्य पक्षी निर्मात्याने खर्च वाचवण्यासाठी मेक्सिकोत करवून घेतला आणि नटांनी तो चित्रीकरणाच्या वेळी पाहिलाच नव्हता. त्यामुळे सगळे नट रिकाम्या आकाशाकडे पाहून अगदी मनापासून घाबरले आहेत. नायक जेफ मॉरो यांनी पुढे सांगितले की, आपल्या गावच्या चित्रपटगृहात तो लांब मानेचा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी त्यांनी प्रथम पाहिला, लोक खदखदा हसू लागले, आणि ओळखीचे कोणी भेटण्याआधी ते हळूच बाहेर पडले. या एका माणसापुरता अध्यक्षांचा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. त्याने आपले काम चोख केले होते.

तळोधीची लेक (तालुका सिंदेवाही)

वरची सर्व चर्चा वाचून आमच्या तालुक्यातली गोष्ट सांगावीशी वाटली. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळत जाणारे तुकडे महाराष्ट्रात अनेक ठिकाणांहून दिसले, आणि लाडबोरी गावाजवळ धातूची सुमारे तीन मीटर व्यासाची कडी येऊन पडली. आसपासच्या परिसरात नंतर गोळेही सापडले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. ती कडी पाहिल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, ही बैलगाडीच्या चाकाची धाव कोणीतरी मोठी करून आणून टाकली आहे. एखाद्या दिग्दर्शकाने अंतराळातून पडलेली वस्तू म्हणून हीच कडी दाखवली असती, तर स्वस्तातले सामान म्हणून आपण तिलाही हसलो असतो.

म्हणून वस्तू खरी दिसते की नाही यावर सगळे अवलंबून आहे, असे मला वाटत नाही. या चित्रपटांत मला हसवतात ती माणसे. तबकडी उतरते आणि त्यांच्यातला प्राध्यापक जागच्या जागी उभा राहून मानवजातीवर भाषण देऊ लागतो, सेनाधिकारी पाईप पेटवतो, आणि कोणीही ती वस्तू जवळ जाऊन पाहत नाही. लाडबोरीला लोक धावले, विजेऱ्या आल्या, फोटो निघाले, कोणी हात लावून पाहिले तर कोणी हात लावणाऱ्याला शिव्या घातल्या, आणि शेवटी ती कडी पोलीस ठाण्यात नेऊन ठेवावी लागली. त्या लेखकांनी एक दिवस एखाद्या गावात काढला असता तर बरेच संवाद त्यांनीच खोडले असते. गुरुजींच्या रोमॅनचे मात्र तसे नाही. त्याचा आलेखाचा प्रश्न वेडगळ असला तरी हुकूम आणि मन यांत अडकलेला तो त्या चित्रपटातला एकटाच जीव आहे, आणि माझ्या मते तुमच्या सभागृहाला म्हणूनच तिथे सर्वांत मोठे हसू आले.

बोडीकाठी

सर्वांचे आभार. रोमॅनविषयीचे ताईंचे म्हणणे मी अध्यक्षांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, परंतु पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी परवानगी दिली आहे. २८ तारखेला 'डेस्टिनेशन मून'मधले चंद्रावरचे प्रसंग दाखवून मुलांना चुका शोधायला लावायच्या, वरोऱ्याच्या बाईंनी सांगितलेला वेगाचा प्रयोग मोबाईलच्या मंदगती चित्रणावर खोक्यांची इमारत पाडून करायचा, आणि शेवटी 'द जायंट क्लॉ' लावायचा, पण मॉरो यांची हकीकत आधी सांगूनच, असे ठरवतो आहे. इंग्रजी संवाद मुलांना कळत नाहीत आणि निवेदन करताना मला हसू आवरत नाही, तेव्हा पडदेवाले भाऊंनी त्या दिवशी निवेदनाला यावे, अशी विनंती आहे.

पडदेवाला (वडसा)

गुरुजी, फेब्रुवारीअखेर म्हणजे आमचा ऐन हंगाम. त्या रात्री अर्जुनी-मोरगावकडे प्रयोग आहे आणि दुपारीच पडदे बांधायला लागायचे आहेत. तुम्ही कार्यक्रम सकाळी ठेवून सभागृहाच्या खिडक्यांना काळे कापड लावणार असाल तर मी येतो. कापड मी आणतो, खिडक्यांची मापे कळवा.