इलेक्ट्रोफोरेसिस फक्त डीएनएपुरतं नाही
वर कुणीतरी लिहिलंय की इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे डीएनएचे लहान-मोठे तुकडे वेगळे करायची पद्धत. बरोबर आहे, पण त्यात निम्मीच गोष्ट आली. विद्युतक्षेत्रात भारित रेणू विरुद्ध ध्रुवाकडे सरकतात, हे मूळ तत्त्व. डीएनएचा ऋणभार लांबीच्या प्रमाणातच वाढतो, म्हणून तिथे निवाडा ॲगरोज जेलची (जेलीसारख्या सच्छिद्र थराची) छिद्रं करतात: लहान तुकडा पुढे निसटतो, मोठा रेंगाळतो. प्रथिनांत मात्र भारानेही फरक पडतो.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं उदाहरण मला फार विलक्षण वाटतं. १९४९ साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिन (रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन) विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं. पुढे कारणही सापडलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या ऋणभारित अमिनो आम्लाऐवजी भार नसलेलं व्हॅलीन येतं, ऋणभार घटतो, आणि अल्कधर्मी बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) या हिमोग्लोबिनचा पट्टा धन ध्रुवाकडे जाताना मागे पडतो. वाहकाच्या, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्याच्या, नमुन्यात नेहमीचा आणि सिकलसेलचा असे दोन्ही पट्टे दिसतात! सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे का एवढंच सांगणाऱ्या साध्या विद्राव्यता चाचणीतून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही, म्हणून ती पॉझिटिव्ह आली की हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी करून घ्यायलाच हवी.