मदत हवी आहे: ६ चालू संगणक, ४८ मुलं, आठवड्याला एक तासिका. आठवी-नववीला नेमकं काय शिकवावं?

कापूसकोंडा:

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. यंदा वेळापत्रकात आठवी आणि नववीची संगणकाची तासिका माझ्या नावापुढे आली आहे. कारण एवढंच, की यू-डायसची (शाळेची माहिती सरकारकडे भरायची) आणि शिष्यवृत्तीची ऑनलाइन कामं माझ्याकडे असतात, म्हणजे "सरांना येते". योजनेतून आलेले संगणक शिक्षक करार संपल्यावर गेले, मशीन मागे राहिली.

मशीन दहा, चालू सहा. विंडोज ७, दोन जीबी रॅम. दोन मशीनवर तारीख रोज सकाळी २००९ मध्ये जाऊन बसते. इंटरनेट ऑफिसात आहे, लॅबपर्यंत येत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच बसल्या, त्यामुळे लाईन गेली की सगळं एकदम बंद. तासिका ३५ मिनिटांची, त्यातली पाच-सात लॅबच्या दाराशी चपला काढण्यात आणि घालण्यात जातात.

मुख्याध्यापक सर म्हणतात पेंट, वर्ड, पॉवरपॉइंट घ्या, तपासणीला दाखवता येतं. पालक सभेत विचारतात कोडिंग कधी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंगचा उल्लेख आहे, तो मेसेज गावभर फिरून झालाय.

मला दिसतं ते वेगळंच. ही मुलं मोबाइलवर व्हिडिओ कापतात, जोडतात, त्यावर गाणं चढवतात. पण डाउनलोड केलेली पीडीएफ गेली कुठे हे त्यांना सांगता येत नाही. फाइल, फोल्डर ही कल्पनाच डोक्यात नाही. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, तेव्हा आमच्या दहावी पास मुलांनी कॅफेत पैसे देऊन फॉर्म भरून घेतले आणि पासवर्ड राहिला कॅफेवाल्याच्या वहीत. हे बघून मला वाटतं की वर्षाच्या शेवटी मुलाला स्वतःचा फॉर्म स्वतः भरता यावा आणि एखादा छोटा प्रोग्रॅम वाचून तो काय करणार हे सांगता यावं. बाकी राहिलं तरी चालेल. पण आठ-आठ जण एका मशीनपाशी उभे असताना हे करायचं कसं? आणि माउस कायम मुलांच्याच हातात असतो, मुली मागे उभ्या. त्याचं काय करता तुम्ही?

रिकामी_काडेपेटी:

सर, दहावीनंतर सगळी पोरं एमएस-सीआयटी करतातच. तुम्ही गणित नीट शिकवा, संगणक क्लासवाले शिकवतील. वर्ड-एक्सेल घेऊन मोकळे व्हा.

सोल्डरकाका:

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा. शिकवण्यातलं मला कळत नाही, मशीनचं सांगतो.

तारीख मागे जाते म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला. घड्याळाच्या दुकानात मिळतो, बदला. ही गोष्ट किरकोळ नाही. तारीख चुकीची असली की उद्या इंटरनेट आलं तरी बहुतेक वेबसाइट सुरक्षा प्रमाणपत्राची तक्रार करून उघडणार नाहीत.

बंद चारपैकी एखाद-दुसरं तरी रॅममुळे अडलेलं असेल. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, परत बसवा. सुरू करताना बीप ऐका. हे सगळं मुलांच्या समोर आणि मुलांच्याच हातून करा. रॅम, हार्ड डिस्क, प्रोसेसर यांच्यावर फळ्यावर आकृत्या काढण्यापेक्षा हा तास बरा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कुणालाही उघडू देऊ नका, वायर काढलेली असली तरी त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते.

दोन जीबीवर विंडोज ७ कुंथत चालणार. प्रोसेसर कोअर टू ड्युओ असेल तर ६४ बिटचं हलकं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकता येईल. मशीन ३२ बिटचंच निघालं तर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) घ्या; १३ पासून त्यांनी ३२ बिटचं इन्स्टॉलर बंद केलं. लिनक्सचा आणखी एक फायदा म्हणजे पेनड्राइव्हमधला तो शॉर्टकट व्हायरस चालत नाही.

शाई_खडू:

सर, मी साताऱ्याकडे नववीला शिकवते. तुमच्यासारखीच अवस्था होती, आता थोडी बरी आहे. माझा पहिला नियम: अर्धा वर्ग मशीनवर, अर्धा वर्ग कागदावर, पुढच्या आठवड्यात उलट. २४ मुलं आणि सहा मशीन म्हणजे चौघं एका मशीनपाशी. हे जमण्यासारखं आहे.

पण कागदावरच्या अर्ध्यांना "वहीत संगणकाचे भाग लिहा" असं काम दिलंत तर ती गोंधळच करणार. त्यांच्यासाठी न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि मंडळींनी तयार केलेले 'सीएस अनप्लग्ड'चे खेळ बघा. संगणकाला हातही न लावता संगणकशास्त्र. पाच पुठ्ठे घ्या, त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढा. पाच मुलं रांगेत उभी करा. पुठ्ठा दाखवला तर १, उलटा धरला तर ०. आता प्रत्येकाने आपली जन्मतारीख करून दाखवायची. १९ तारीख म्हणजे १६, २ आणि १, म्हणून १००११. पाच पुठ्ठ्यांत ३१ पर्यंतच जाता येतं, त्यामुळे महिन्यातली कुठलीही तारीख बसते आणि ३२ कसे दाखवायचे हा प्रश्न मुलंच विचारतात. तिथून सहावा पुठ्ठा.

याहून रंगणारा खेळ चूक पकडण्याचा. एक बाजू काळी आणि एक पांढरी असलेले २५ कागद मुलांनी पाच बाय पाच कसेही मांडायचे. तुम्ही "जरा अवघड करतो" म्हणत प्रत्येक ओळीला आणि रकान्याला एक-एक कागद जोडायचा, असा की प्रत्येक ओळीत आणि रकान्यात काळ्यांची संख्या सम होईल. मग पाठ फिरवा, एकाला कुठलाही एक कागद उलटवू द्या. जी ओळ आणि जो रकाना विषम झाला त्यांच्या छेदावर तो कागद. मुलं याला जादू म्हणतात, पण दोनदा दाखवल्यावर दोघी-तिघींनी तरी युक्ती पकडलेली असते. मग सांगायचं की आधार क्रमांकाचा बारावा आकडाही असाच राखणीला बसवलेला असतो, फक्त त्याचं गणित वेगळं (वेरहॉफची पद्धत). फॉर्ममध्ये एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर तिथल्या तिथे कळतं ते यामुळे. तुमच्या फॉर्म भरण्याशी हे सरळ जोडता येईल.

माउसचं म्हणाल तर विनंती करून काही होत नाही. आमच्याकडे सात मिनिटांनी टाळी वाजते आणि खुर्ची बदलते. ज्याच्या हातात माउस त्याने बोलायचं नाही, शेजारच्याने सांगायचं तेवढंच करायचं. सुरुवातीला मुलींचा एक स्वतंत्र गट ठेवला होता, नंतर गरज उरली नाही.

अनुस्वार:

टायपिंगबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. मराठी टायपिंग शिकवाच, आणि इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची रचना) शिकवा. विंडोज ७ मध्ये मराठी कीबोर्ड म्हणून येतो तो इनस्क्रिप्टच. वेगळं काही डाउनलोड करायचं नाही, म्हणजे नेटची अडचणही नाही. रचना मुलांना सांगण्यासारखी आहे. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट. क ची कळ शिफ्टसह दाबली की ख, त ची दाबली की थ. डावीकडे साधी कळ दाबली की ि, शिफ्टसह इ. बाराखडी येणाऱ्या मुलाला हा तर्क चटकन कळतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणं सोपं वाटतं, पण त्याला इंग्रजी स्पेलिंगची कुबडी लागते.

जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा. अक्षरांचा जो भाजीपाला होतो तो बघितला की युनिकोड (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच दिसावीत यासाठीची पद्धत) कशाला हवं हे वेगळं सांगावं लागत नाही.

मल्याळी_जावई:

माझी सासुरवाडी केरळात. तिथे शाळांतून आयसीटीची (माहिती-संपर्क तंत्रज्ञानाची) वेगळी पाठ्यपुस्तकं आहेत, दहावीला प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर. 'आयटी@स्कूल' प्रकल्प २००१ चा, २०१७ पासून त्याचं 'काइट' झालं. तिथल्या शिक्षकांना आधी प्रशिक्षण मिळालं, हा फरक मोठा आहे. एकट्या सरांनी तेवढं करावं अशी अपेक्षा नाही, फक्त लिनक्सला घाबरू नका म्हणून लिहिलं.

कापूसकोंडा:

सगळ्यांचे आभार. काकांचं खोडरबर दोन मशीनवर चाललं! शाईमॅडम, पुठ्ठ्यांचा तास घेतला, ३२ चा प्रश्न खरंच आला.

काडेपेटीदादा, एमएस-सीआयटीची फी प्रत्येक घराला परवडतेच असं नाही. शिवाय एक्सेल मीही घेणारच आहे, पण पुस्तकातल्या गुणपत्रिकेवर नाही. आमच्याकडे कापूस. वेचणीची मजुरी किलोमागे, गाडीभाडं, बियाण्याची थैली, भाव, असा घरचा हिशेब मुलांनी विचारून आणायचा आणि मांडायचा. मजुरीचा एकच आकडा बदलल्यावर खाली हातात काय उरतं ते आपोआप बदलताना दिसलं की सूत्र म्हणजे काय ते कळेल असा अंदाज. (घरचे खरे आकडे वर्गात सांगायला कुणी तयार नसेल तर मनाचे घ्या असं आधीच सांगणार आहे. कर्जाचा विषय निघतो.)

आता अडलोय प्रोग्रॅमिंगवर. स्क्रॅचचं (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) नवं अॅप विंडोज ७ वर बसत नाही. थेट पायथन (ओळी टाइप करून लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा) घेऊ का? आणि चौघांनी मिळून केलं तर गुण कुणाला किती द्यायचे?

शाई_खडू:

स्क्रॅच ३ ला विंडोज १० लागतं. जुनी १.४ आवृत्ती शोधा, ती दोन जीबीवर आरामात चालते आणि तिच्यात केलेलं काम पुढे नव्या आवृत्तीत उघडतं. आठवीला स्क्रॅच, नववीला पायथन. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती पायथन ३.८, तीच घ्या.

पण कोरी स्क्रीन देऊन "प्रोग्रॅम लिहा" म्हणू नका. सहा-सात ओळींचा तयार प्रोग्रॅम कागदावर द्या, काय होईल ते आधी लिहून घ्या, मग चालवा, मग एक आकडा बदलून बघा, स्वतःचं लिहिणं सगळ्यात शेवटी. इंग्लंडात स्यू सेंटन्स यांनी ही पद्धत 'प्रिम' नावाने मांडली आहे. मशीन कमी असताना हिचा फायदा असा की निम्मं काम कागदावर होतं. तुमच्या गुणांचं उत्तरही यातच आहे: अंदाजाचा कागद प्रत्येकाचा वेगळा, त्यावर गुण. अंदाज चुकला तरी चालेल, पण का चुकला ते खाली लिहिलं पाहिजे.

सोल्डरकाका:

फॉर्म भरायला शिकवताय तर फसवणुकीचाही एक तास घ्या. घरच्यांचे मोबाइल हीच पोरं हाताळतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. आरटीओ चलनाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (मोबाइलवर अॅप बसवणारी) आली तर ती बसवायची नाही. आणि पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हे तीन मुद्दे वहीत लिहून घरी वाचून दाखवायचे, पालकांची सही आणायची.

आणि सर, एका मशीनचा भाग दुसऱ्यात घातला असेल तर डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) त्याच दिवशी नोंद करून मुख्याध्यापकांची सही घ्या. निर्लेखनाच्या (जुनं सामान नोंदीतून काढण्याच्या) वेळी "या डब्यातली रॅम कुठे गेली" असं तुम्हालाच विचारतील.

कापूसकोंडा:

नोंद केली काका. सरांनी सही करताना विचारलं, पॉवरपॉइंट कधी. दिवाळीनंतर सांगितलंय. स्क्रॅच १.४ ची फाइल कुणाकडे जपून ठेवलेली असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ऑफिसच्या नेटवर उतरवून घेतो.