मदत हवी आहे: आजारपणामुळे नोकरी सुटतेय, राजीनाम्यावर सही करावी का?

नमस्कार. माझ्या मिस्टरांना पार्किन्सन्स आहे. खासगी कंपनीत 4 वर्षं झाली. आता हात इतका थरथरतो की सहीसुद्धा जुळत नाही. कंपनीने राजीनाम्याचा तयार कागद पुढे ठेवलाय, कारण ‘वैयक्तिक’. मी सही करू दिलेली नाही.

अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ग्रॅच्युइटीला 5 वर्षांची अट लागत नाही. ईपीएस 1995 (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) मध्येही कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 10 वर्षं भरलेली नसली तरी पेन्शन मिळते. म्हणजे ‘वैयक्तिक’ हा एक शब्द आम्हाला केवढ्याला पडेल!

कागदावर नेमकं काय लिहून घ्यावं? अपंगत्व ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या तपासणीआधी नोकरी सोडली तर हक्क जातो का? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा, सोमवारी उत्तर द्यायचंय.