मदत हवी आहे: लढाईत टर्नचा क्रम कसा लावायचा? रविवारच्या आत सांगा

शहापूर_डीएम
नमस्कार मंडळी. आमच्या फाशांच्या रोल-प्लेइंग गेममध्ये लढाई सुरू झाली की आमच्यात वाद सुरू होतोय. गेल्या बैठकीत मंकवाल्यानं (लढवय्या भिक्षूचं पात्र खेळणाऱ्यानं) ओग्रला, म्हणजे एका दांडग्या राक्षसाला, स्टन (सुन्न) केलं, त्यासाठी 'की' नावाच्या शक्तीचा पॉइंट घालवला, तरी ओग्रनं लगेच उठून मांत्रिकाला आडवं केलं. मंकवाला म्हणतोय हे बरोबर नाही, बाकीचे म्हणतायत फासे पडले तसं खेळायचं. मला क्रमाचा एक नीट चालणारा घरचा नियम पाहिजे. रविवारी टिळकवाडीत परत बसणार आहोत. 'पुस्तक वाचा' एवढंच लिहू नका, पुस्तक आहे माझ्याकडं.

निपाणीकर
कुठला गेम? कितवी आवृत्ती? किती जण? स्टन झालं तेव्हा ओग्रचा टर्न होऊन गेला होता की व्हायचा होता? यातलं काहीच लिहिलं नाही ओ तुम्ही.

शहापूर_डीएम
डी अँड डीच (डंजन्स अँड ड्रॅगन्स) की, दुसरं काय. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. पाच खेळाडू आणि खेळ चालवणारा डीएम मी. ओग्रचा टर्न आधीच झाला होता. आता सांगा.

इस्पिक_एक्का
फासे सोडा, पत्ते घ्या. सॅव्हेज वर्ल्ड्स या दुसऱ्या गेममध्ये दर राउंडला (सगळ्यांचा एकेक टर्न म्हणजे एक राउंड) प्रत्येकाला पान वाटतात. मोठं पान आधी. सारखी पानं आली तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमानं. जोकर आला तर वाटेल तेव्हा खेळा, वर तपासणीला आणि डॅमेजला +२. आम्ही खानापुरात असंच खेळतो. पान समोर उघडं असतंय, 'माझा नंबर कधी' म्हणून कोण विचारत नाही.

निपाणीकर
पत्ते जरा बाजूला ठेवा. डीएम, इनिशिएटिव्ह, म्हणजे कुणी आधी खेळायचं त्याचा फासा, तुम्ही लढाईच्या सुरुवातीला एकदाच टाकता की दर राउंडला?

शहापूर_डीएम
दर राउंडला. आमच्यात पहिल्यापासून तसंच आहे. त्यात काय?

निपाणीकर
सगळं त्यातच आहे. २०१४ च्या नियमात स्टनिंग स्ट्राइक (मंकचा स्टन करणारा फटका) मंकच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत टिकतो. तुमच्याकडं पहिल्या राउंडला ओग्र आधी, मंक नंतर. दुसऱ्या राउंडला परत फासे टाकले आणि मंक वर आला. त्याचा टर्न संपला, स्टन संपला, मग ओग्र उठला. म्हणजे ओग्रचा एकही टर्न वाया गेला नाही आणि मंकचा पॉइंट गेला. मंकवाल्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. डॉजचंही (वार चुकवायच्या पवित्र्याचंही) तेच. तो आपल्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत असतो. शेवटी खेळून डॉज घेतला आणि पुढच्या राउंडला पहिला नंबर आला, तर तो डॉज कुणाविरुद्ध वापरणार?
पाचव्या आवृत्तीत डी२० (वीस बाजूंचा फासा) अधिक डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) मॉडिफायर लढाईच्या सुरुवातीला एकदाच टाकायचा आणि तोच क्रम शेवटपर्यंत फिरवायचा. दोन खेळाडूंचं सारखं आलं तर त्यांनी आपसांत ठरवायचं, राक्षस आणि खेळाडूचं सारखं आलं तर डीएमनं.

इस्पिक_एक्का
आणि ज्याला २ पडला तो बिचारा अख्खी लढाई शेवटीच बसणार? याला न्याय म्हणायचं?

निपाणीकर
पहिला राउंड गेला की वर्तुळच होतंय दादा. त्याच्या दोन टर्नमध्ये बाकीचे सगळे एकेकदा खेळतात, पहिल्याचंही तेवढंच. सॅव्हेज वर्ल्ड्सचे नियम दर राउंडच्या पत्त्यांसाठीच बांधलेत, त्यात पत्ते शोभतात. पाचव्या आवृत्तीत तेच आणलं तर स्टनचा घोळ तसाच राहणार.

कॅम्पवाला
२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइड पुस्तकात बाजू-बाजूनं खेळायचा पर्यायी नियम आहे, तो बघा. दोन्ही बाजूंनी एकेक डी२० टाकायचा, मॉडिफायर नाही. जी बाजू जिंकली ती पूर्ण खेळते, आत कुणी आधी जायचं ते तेच ठरवतात. आमच्यात तिघे मराठी, दोघे कन्नड, आधी प्रत्येकजण आपल्यापुरतंच बघायचा. बाजूनं खेळायला लागल्यापासून सगळे मिळून बोलतात. मला हा नियम मनापासून आवडतो.

निपाणीकर
पहिल्या लेव्हलला गॉब्लिनांची बाजू आधी आली की चौघे मिळून एकालाच मारतात. त्याला उठून टर्न घ्यायची संधीच मिळत नाही.

वडगावची_ताई
माझ्या मुलाला हा खेळ लागलाय. त्याला वाढदिवसाला फासे द्यायचे आहेत. नेमके कुठले घ्यायचे?

कॅम्पवाला
ताई, सात फाशांचा संच मागा: डी४, डी६, डी८, डी१२, डी२०, साधा डी१० आणि दहा-वीस-तीस असे आकडे असलेला दुसरा डी१०. आकडे ठळक असलेला बघून घ्या, रात्री दिव्याखाली चकाकणाऱ्या फाशांवरचं वाचता येत नाही.

शहापूर_डीएम
ताई, फाशांसाठी वेगळा धागा काढा की, माझा रविवार जवळ आलाय. निपाणीकर, तुमचं पटलं. पण आमच्या पोरांना दर राउंडला फासे टाकायची लय हौस आहे. ते ठेवून स्टन तेवढा दुरुस्त करता येणार नाही का?

निपाणीकर
येतो. 'स्टन झालेल्याचा एक टर्न वाया जाईपर्यंत स्टन' असं धरा. पण मग डॉज, शील्ड मंत्र, आणखी कितीतरी गोष्टींना वेगळा हिशेब लिहावा लागणार आणि तो तुम्हालाच ठेवावा लागणार. मी तरी एकदाच टाकून खेळेन. नावं जाड कागदाच्या घड्यांवर लिहून तुमच्यापुढच्या पुठ्ठ्याच्या पडद्यावर क्रमानं लटकवा, सगळ्यांना दिसतात.

शहापूर_डीएम
बरं, एकदाच टाकतो. रविवारच्या लढाईत तिसऱ्या राउंडला मागून नोल (तरसासारखे राक्षस) येणार आहेत. त्यांचं काय?

निपाणीकर
आले की तेव्हाच त्यांचा डी२० टाका, एका जातीच्या सगळ्यांना मिळून एकच. जो आकडा येईल तिथं घडी अडकवायची, बाकीच्यांची जागा हलवायची नाही.

इस्पिक_एक्का
एक लढाई तरी पत्त्यांवर खेळून बघा. खानापूरला या, आम्ही बसवतो.