तडीपारी आणि पिंजऱ्यातला बिबट्या: ही उपमा कुठवर ताणायची?

प्रश्न: ओसरीवरचा_वाचक

पालिका निवडणुकीच्या निमित्ताने एका लेखावर काम चालू आहे. भाषणांत हमखास ऐकू येणारं एक वाक्य त्यात तपासायचं आहे: "उद्यानातला बिबट्या माणसांच्या अंगावर येऊ लागला की वनखातं पिंजरा लावतं, त्याला उचलतं आणि लांब नेऊन सोडतं. प्रभागातल्या दादांचंही तसंच करा, तडीपार करा, शहर शांत होईल."

टाळ्या मिळतात, पण वनखातं खरंच असं करतं का? केलं तेव्हा काय झालं? आणि तडीपारीच्या कायद्याशी हे कुठे जुळतं, कुठे फाटतं? आकडे, कलमं, प्रत्यक्ष पद्धत माहीत असणाऱ्यांनी लिहावं. "राजकारणीच खरे जनावर" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

उसातला_वाटसरू

वनखातं असं करत होतं. परिणाम उलटा झाला, म्हणून धोरण बदललं. तुमच्या वक्त्याची उपमा वीस वर्षं शिळी आहे.

जुन्नर पट्टा घ्या. कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात बिबट्याला आडोसा, पाणी, कुत्री, शेळ्या सगळं मिळालं. २००१ पासून तिथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले होते. आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले व्हायचे, ते १७ वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर. आणि हल्ले वाढले ते बिबटे जिथे नेऊन सोडले त्या जागांच्या आसपास.

असं का होतं, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या लेखाचा जीव तिथेच आहे.

एक तर पिंजरा गुन्हेगार ओळखत नाही. मागच्या कप्प्यात शेळी, मधे जाळी, पुढे फळी. फळीवर पाय पडला की दार खाली. त्या रात्री त्या वाटेने जो बिबट्या जाईल तो अडकतो. हल्ला करणारा तोच होता हे ठरवायला घटनास्थळाचे ठसे, कॅमेरा ट्रॅपचे फोटो आणि अंगावरच्या ठिपक्यांची जुळणी लागते, आणि लोक रस्त्यावर उतरले की एवढा वेळ कोणी देत नाही.

दुसरं, रिकामी जागा रिकामी राहत नाही. जम बसलेला नर आपल्या हद्दीत इतर नरांना फिरकू देत नाही. त्याला उचललात की भटके तरुण नर आत येतात. त्यांना कुठल्या वस्तीत कधी वर्दळ असते, कुठून गुपचूप निघून जायचं, यातलं काही ठाऊक नसतं. जुना बिबट्या माणसांना टाळायला शिकलेला असतो, ते शिक्षण त्याच्याबरोबरच निघून जातं.

तिसरं, सोडलेला प्राणी सोडलेल्या जागी थांबत नाही. 'आजोबा' नावाने ओळखला गेलेला बिबट्या २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढला, रेडिओ कॉलर (माग काढणारा गळपट्टा) लावून माळशेजला सोडला. महिनाभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या बाजूला पोचला. त्याने वाटेत कोणाला त्रास दिला नाही, हे त्याचं चांगुलपण. पण पिंजऱ्याचे गज चावून सुळे तुटलेला, दिवसेंदिवस माणसांच्या गर्दीत ठेवलेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला, तर तो सोपी शिकार शोधणार.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं तेच. सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल, भोवती शहर, आणि बाहेरचे बिबटे आणून आत सोडलेले. २००४ च्या एकट्या जून महिन्यात दहाच्या आसपास माणसं गेली. नंतर हे आणून सोडणं थांबलं. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या: नुसता बिबट्या दिसला म्हणून पिंजरा लावू नका, आणि पकडलाच तर शक्यतो त्याच परिसरात सोडा.

मग करायचं काय? कचरा रोजच्या रोज उचलणं, कारण कचऱ्यावर कुत्री आणि कुत्र्यांवर बिबट्या. पाड्यांवर शौचालयं आणि दिवे, कारण अंधारात वाकून बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. शेळ्या रात्री चारी बाजूंनी आणि वरूनही बंद गोठ्यात. संध्याकाळनंतर मुलं एकटी बाहेर नाहीत. आणि बिबट्या वस्तीत अडकला तर आधी पोलिसांकडून गर्दी हटवायची, मग भुलीची बंदूक. गर्दीने घेरलेला बिबट्या वाट काढायला अंगावर येतो, त्यात जखमी झालेल्यांची गणना 'हल्ला' म्हणून होते. यातल्या एकाही कामाचा फोटो पेपरात छापून येत नाही. पिंजऱ्याचा येतो.

कलम_छप्पन्न

वरचा प्रतिसाद नेमका आहे. तडीपारीची बाजू मांडतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. कलम ५५ टोळ्यांसाठी, ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी, आणि सर्वांत जास्त वापरलं जाणारं ५६, ज्याच्या वावराने लोकांत भीती किंवा धोका निर्माण होतो, ज्याच्याविरुद्ध साक्षीदार उघडपणे पुढे यायला घाबरतात, अशांसाठी. कलम ५८ प्रमाणे मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. आयुक्तालयात पोलीस उपायुक्त आदेश काढतात, ग्रामीण भागात प्रांत. मनाई असताना हद्दीत शिरला तर कलम १४२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद.

आता उपमा कुठे जुळते ते बघा. "पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण हद्दीतून तडीपार" असा आदेश निघतो, म्हणजे माणूस साताऱ्यात, नगरमध्ये किंवा सोलापुरात जाणार. त्या जिल्ह्याला त्याची नाडी माहीत नाही. हे माळशेजला बिबट्या सोडण्यासारखंच झालं. "तडीपार गुंड कोयत्यासह शहरात फिरताना ताब्यात" ही बातमी तर कुठल्याही आठवड्याचा पेपर उघडा, सापडेल. घर, धंदा, पोरं सगळी इथेच असताना तो परत येणारच. आणि गल्ली रिकामी झाली की वसुलीचा हप्ता बंद होत नाही, दुसऱ्या फळीतली पोरं तो गोळा करायला लागतात, बहुतेकदा जास्त आरडाओरडा करून, कारण त्यांना दरारा बसवायचा असतो.

जुळत नाही ते इथे: बिबट्याला नोटीस द्यावी लागत नाही. माणसाला कलम ५९ खाली लेखी आरोप कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि कलम ६० खाली तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, संचार-स्वातंत्र्यावर घाला आहे, आणि पूर्ण दोन वर्षंच का, याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत. बरेचसे आदेश न्यायालयात टिकत नाहीत ते याच जागी: नोटिशीत एक मजकूर, आदेशात दुसरा, जुने, निकाल लागलेले गुन्हे भरतीला घातलेले, गुप्त साक्षीदारांच्या जबाबात तारीख नाही की ठिकाण नाही.

निवडणुकीच्या तोंडावर अशा प्रस्तावांचा ढीग लागतो. त्यात खरे दादा किती आणि विरोधी गटातली पोरं किती, हे लेखात जरूर तपासा. पिंजऱ्यात कोण अडकतं हा वर आलेला मुद्दा इथे शब्दशः लागू आहे. फरक इतकाच की इथे शेळी कुठे बांधायची ते ठरवणाऱ्याला मतदान करता येतं.

बांधावरून

थोडा विरोध. मुंबईचं उदाहरण देऊन सगळे छान बोलतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरमध्ये आजही माणसं मरतात, लहान मुलं मरतात. तिथे "सहजीवन शिका" म्हणणं म्हणजे ऊसतोड मजुराच्या झोपडीला दार नाही हे विसरणं.

आणि कायद्यात कायमचं हटवण्याची तरतूद आहेच. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२, कलम ११: माणसाच्या जिवाला धोका झालेला प्राणी पकडता, भूल देता किंवा हलवता येत नाही अशी खात्री झाली, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणं देऊन मारण्याचीही परवानगी देऊ शकतात. पकडलेला पण सोडण्याजोगा नसलेला बिबट्या जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट्या निवारा केंद्रात राहतो. म्हणजे 'हटवू नका' हा नियम नाही. 'हटवायचा तर ओळख पटवून, आणि पुन्हा मोकळा सोडायचा नाही' हा नियम आहे. राजकारणात याचं भाषांतर तडीपारी नव्हे, खटला उभा राहून शिक्षा होणं हे आहे.

उसातला_वाटसरू

@बांधावरून, मान्य. ओळख पटवून हटवण्याला माझा विरोध नाही. भर एवढीच: तोडणीत सापडलेली पिल्लं पूर्वी उचलून नेली जायची. आता त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवतात, माणसं लांब जातात, कॅमेरा लावतात, आणि बऱ्याचदा आई रात्रीत येऊन घेऊन जाते. पिल्लं नेली तर ती बिथरून त्याच वस्तीभोवती फिरत राहते.

ओसरीवरचा_वाचक

सर्वांचे आभार, लेखाची दिशाच बदलली. एक पुरवणी: त्याच भाषणात दुसरी उपमा आहे. "अमेरिकेच्या उद्यानात पाटी असते, अस्वलांना खायला घालू नका, ती आयतोबा होतात. मग आपण लोकांना रेवड्या का वाटतो?" यात काही तथ्य?

गुहा_आणि_कचरापेटी

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाचा इतिहास त्या वक्त्याच्या बाजूने बोलत नाही.

तिथे अस्वलांनी काही मागितलं नव्हतं. हॉटेलांचं खरकटं उघड्यावर टाकलं जायचं, आणि अस्वलं ते खाताना बघायला पर्यटकांसाठी बाकं मांडलेली होती. रस्त्यावर गाडीच्या काचेतून बिस्किटं भरवणं हा वेगळाच कार्यक्रम. १९३१ ते १९६९ या काळात अस्वलांमुळे वर्षाला सरासरी ४८ माणसं जखमी होत. १९६७ च्या ऑगस्टमध्ये मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानात एकाच रात्री दोन वेगवेगळ्या अस्वलांनी दोन तरुणी मारल्या, तेव्हा सगळं धोरण हललं.

मग यलोस्टोनने उकिरडे बंद करायला घेतले, १९७० पर्यंत सगळे. वर्षानुवर्षं तिथे संशोधन करणारे फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे भाऊ सांगत होते की हळूहळू बंद करा, पिढ्यान्‌पिढ्या सवय लागलेली जनावरं एकदम तंबूंकडे वळतील. प्रशासनाने ऐकलं नाही. अस्वलं तंबूंकडे वळली, 'धोकादायक' ठरून मोठ्या संख्येने मारली गेली, आणि १९७५ मध्ये तिथलं ग्रिझली जातीचं अस्वल संकटग्रस्त यादीत आलं.

दीर्घ पल्ल्यात माणसांच्या जखमा खूपच कमी झाल्या, पण कशाने? ज्याच्या झाकणाखालच्या खाचेत माणसाचा हात जातो पण अस्वलाचा पंजा जात नाही, अशा कचरापेट्यांनी. तंबूंच्या तळावर अन्न ठेवायच्या लोखंडी कपाटांनी. अन्न जमिनीपासून ३ मीटर वर आणि खोडापासून सव्वा मीटर लांब टांगण्याच्या नियमाने. अस्वलापासून ९१ मीटर लांब राहण्याच्या नियमाने, आणि भरवणाऱ्या पर्यटकाला होणाऱ्या दंडाने. सगळे नियम माणसांवर.

तेव्हा रेवडीची उपमा वापरायचीच तर अस्वलाच्या जागी रेशन घेणारी बाई बसत नाही. प्रश्न बाकं मांडणाऱ्या हॉटेलचा आहे: वाटपातून फायदा कोणाचा, आणि देखावा कोणासाठी? शिवाय रेशन हा कायद्याने दिलेला हक्क आहे, मागे घ्यायचा तर संसदेत कारण सांगावं लागतं. योजना एका फटक्यात बंद करणाऱ्यांना मात्र १९७० चं उदाहरण आवर्जून दाखवा.

कलम_छप्पन्न

वरच्याला +१. @ओसरीवरचा_वाचक, लेखासाठी एक काम करता येईल: तुमच्या आयुक्तालयाकडे माहिती अधिकारात पाच वर्षांचे कलम ५५, ५६, ५७ चे आदेश वर्षनिहाय मागा, त्यातले अपिलात किंवा उच्च न्यायालयात रद्द झालेले किती ते मागा, आणि त्याच काळात कलम १४२ खाली नोंदलेले गुन्हे मागा. तिसरा आकडा म्हणजे परत आलेले. नावं मागू नका, खासगी माहिती म्हणून पूर्ण अर्जच फेटाळतील. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत तीस दिवस.