ताऱ्यांचा टाइमलॅप्स अर्ध्यावर धूसर होतो. नवी लेन्स घ्यावी का?

प्रश्न:
नमस्कार. मी गोव्यातल्या फोंड्याला राहतो. ताऱ्यांचा टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेली चित्रफीत, करायचा प्रयत्न करतो आहे. डिसेंबरच्या अमावास्येला नेत्रावळीजवळच्या एका माळावर एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा आणि त्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची लेन्स लावून २० सेकंदांचे एक्स्पोजर (शटर उघडे राहण्याचा वेळ) व २२ सेकंदांचा इंटरव्हल (एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर) ठेवला होता. दोन तासांत सव्वातीनशे फोटो मिळायला हवे होते, ते निम्मेच निघाले. शिवाय पाऊण तासानंतर तारे फुगत गेले आणि शेवटी मृग नक्षत्राच्या जागी नुसते पांढरे डाग उरले. १४ मिमीची, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी आणि जास्त प्रकाश आत घेणाऱ्या मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स घ्यावी असे मित्र सुचवतात. जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १:
तूर्त लेन्सवर खर्च करू नका. फोटो निम्मे येण्याचे कारण बहुधा 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' हा पर्याय चालू राहणे हे असावे. तो चालू असला की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ शटर बंद ठेवून आणखी एक काळी फ्रेम घेतो, म्हणजे २० सेकंदांच्या फोटोला ४० सेकंद लागतात आणि पुढचा फोटो काढण्याचा मधला एक इशारा वाया जातो. तो बंद करा. दहा सेकंदांच्या चित्रफितीला सेकंदाला २५ फोटोंच्या गतीने २५० फोटो पुरतात, म्हणजे साधारण दीड तास.

तारे फुगण्याचे कारण मात्र दंव. फोकस चुकला असता तर पहिलाच फोटो बिघडला असता. तुमचे तारे हळूहळू बिघडले. उघड्या आकाशाकडे तोंड केलेली काच उष्णता गमावत भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते आणि आपल्याकडची हवा तर आधीच दमट, म्हणून काचेवर दंव साचते. माझ्याही बाबतीत असेच झाले होते. मी रुमालाने काच पुसली, तर तेवढ्यात कॅमेरा हलला आणि उरलेली रात्र फुकट गेली. यूएसबीवर चालणारा उबदार पट्टा सुरुवातीपासूनच लेन्सभोवती गुंडाळा आणि पॉवर बँकला जोडा. काच ओली झाल्यावर तो लावण्यात फारसा अर्थ नाही. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगछटेची मांडणी) ऑटोवर असेल तर तोही ४००० केल्विनच्या आसपास स्थिर करा, नाहीतर आकाशाचा रंग फोटोगणिक बदलतो.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत. जागेबाबत थोडेसे: आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग समुद्रावर हवा असेल, तर गोव्यात ऑक्टोबरची संध्याकाळ साधावी, कारण त्या वेळी तो नैर्ऋत्येला असतो. फेब्रुवारीत तो पहाटे साडेतीननंतर आग्नेयेला, म्हणजे डोंगरांच्या बाजूला उगवतो. तेव्हा किनाऱ्यापेक्षा चोर्ला घाटाचा परिसर सोयीचा. गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवांच्या विणीच्या हंगामात टॉर्च घेऊन जाऊ नये ही विनंती, कारण उजेडामुळे पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात.

प्रश्नकर्ता:
मेनू उघडून पाहिला, तो पर्याय खरोखरच चालू होता. लेन्सचा विचार सोडून पट्टा मागवला आहे. तो लेन्सच्या पुढच्या कडेला बांधायचा की फोकसच्या कड्यावर?

प्रतिसाद १:
पुढच्या कडेला, काचेच्या शक्य तितक्या जवळ. फोकस आधी एखाद्या ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट चित्र) मोठा करून लावा, कड्यावर चिकटपट्टी मारा आणि मगच पट्टा बांधा. उलट क्रमाने केल्यास बांधताना कडे फिरते.